दोन मेणबत्त्या, एक बरणी

सोमवार, ४ नोव्हेंबर

आज सातवीच्या वर्गात माझी बोलती बंद झाली. माझी! भर सभेत माइक बंद पडला तरी मी कधी थांबलेली नाही.

अठ्ठावीस वर्षं मी हा प्रयोग दाखवते आहे. थाळीत रंगीत पाणी, मधोमध पेटती मेणबत्ती, वरून काचेची बरणी पालथी. ज्योत मिणमिणते, विझते आणि पाणी बरणीत चढतं. मग मी दोन पावलं पुढे येते, आवाज खाली आणते आणि म्हणते, "बघा! हवेचा पाचवा भाग ऑक्सिजन. तो ज्योतीने खाल्ला. रिकाम्या जागेत पाणी शिरलं. किती? एक पंचमांश!" पोरं आ वासून बघतात. मोजायचं कोणाच्या मनातही येत नाही.

आज मोजपट्टीच्या मनात आलं. या मुलीला सगळा वर्ग मोजपट्टीच म्हणतो. कंपासपेटीतून पट्टी काढल्याशिवाय ती पाणीसुद्धा पीत नाही. तिने एकाच बरणीखाली दोन मेणबत्त्या लावल्या. का गं? तर म्हणे, "एकटी लवकर विझते बाई, म्हणून सोबत दिली." पाणी पाचवा भाग केव्हाच ओलांडून तिसऱ्याला टेकायला आलं. ही पट्टी लावून उभी.

"बाई, दुसऱ्या मेणबत्तीने जास्तीचा ऑक्सिजन कुठून आणला?"

बरणी तीच. हवा तेवढीच. मी तोंड उघडलं आणि आत काहीच नव्हतं.

"तू मोजण्यात चुकली असशील."

"तीनदा मोजलं."

घंटा वाजली. घंटेने माझ्यावर एवढे उपकार आयुष्यात केले नव्हते.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत थांबले. मामा सोबतीला. मामा म्हणजे प्रयोगशाळेचे शिपाई. माझ्या आधीपासून इथे आहेत, कुठलं चंचुपात्र गळतं आणि कुठला दिवा भडकतो हे त्यांना तोंडपाठ.

मोठी बरणी घेतली. एक मेणबत्ती — पाणी आठव्या भागापर्यंत. दोन — पाचवा भाग. तीन — चौथा. चार — तिसरा! सगळं दोनदा केलं. दोन मेणबत्त्यांना नेमका पाचवा भाग आला तेव्हा मला हसू फुटलं. म्हणजे पुस्तकाचं उत्तर हवं असेल तर मेणबत्त्या निवडून घ्यायच्या!

मामा कोपऱ्यातून म्हणाले, "बाई, बरणी खाली आणताना कडेने बुडबुडे जातात. दरवर्षी जातात."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"तुमचं भाषण चालू असतं ना."

बसले स्टुलावर. मग वाकून, डोळा पाण्याच्या पातळीला आणून पाहिलं. खरंच — बुडबुडे! ज्योतीने हवा तापते, फुगते, थोडी निसटून जाते. ज्योत विझली की उरलेली हवा गार होते, आक्रसते, आणि मग पाणी वर धावतं. ज्योत विझल्यावर! सगळा ऑक्सिजन संपलेलाही नसतो. जेवढ्या मेणबत्त्या, तेवढी हवा जास्त तापलेली. इतकं सोपं. इतकं उघड्यावर पडलेलं.

तळपायाची आग मस्तकात गेली. पुस्तक लिहिणाऱ्यांनी एकदा तरी दोन मेणबत्त्या लावल्या असत्या! मी एवढी पुस्तकं वाचते, सत्तेला प्रश्न विचारा म्हणून गावोगाव ओरडते, आणि माझ्याच टेबलावरची थाळी मला दिसली नाही.

आणि अठ्ठावीस वर्षांत एकाही पोराने हे विचारलं नाही. एकानेही नाही! असा वर्ग आपण घडवतो.

बुधवार, ६ नोव्हेंबर

वर्गात गेल्या गेल्या सांगितलं — "मी चुकले. पुस्तकही चुकलं. मोजपट्टी बरोबर आहे."

मग मागच्या बाकावरून, "बाई, म्हणजे तुम्हाला शून्य?" असा हशा उसळला की शेजारच्या वर्गातल्या सरांनी भिंत ठोकली. मी फळ्यावर माझ्या नावापुढे भलंमोठं शून्य काढलं. टाळ्या! सभेतल्या टाळ्यांपेक्षा गोड लागल्या, खोटं कशाला लिहू.

मग नवा नियम सांगितला. आजपासून प्रयोगवहीत उद्देश, साहित्य, कृती मी फळ्यावर देईन. निरीक्षणाची जागा कोरी. तिथे प्रत्येकाने आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं लिहायचं. शाईने. खोडरबर बंद! चूक सापडली तरी खोडायची नाही. ती तशीच राहू द्यायची, खाली त्या दिवसाची तारीख टाकून नवं लिहायचं. चूक दिसली पाहिजे.

मग प्रत्येकाने प्रयोग स्वतः केला. संध्याकाळी बेचाळीस वह्या तपासल्या. तिसरा भाग, चौथा भाग, नववा भाग. एकाने लिहिलंय, "बरणी कलंडली. पाणी माझ्या चपलेत चढले." पूर्ण गुण दिले.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

घसा बसला. तरी चारही तास घेतले.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

मुख्याध्यापिकेने बोलावलं.

ही माझीच विद्यार्थिनी. चोवीस वर्षांपूर्वी सातवीत, पहिल्या बाकावर, हाताची घडी घालून बसायची. नीटनेटकी, आज्ञाधारक — एवढंच आठवतं. दोन वर्षांपूर्वी मुख्याध्यापिका होऊन आली. चारचौघांत मी तिला 'मॅडम' म्हणते तेव्हा ती कसनुशी होते. ती मला अजून 'बाई'च म्हणते.

"बाई, वीस तारखेला तपासणी समिती येतेय. प्रयोगवहीचे वीस गुण त्यांच्या हातात. त्यांच्याकडे उत्तरांची यादी असते. यादीत एक पंचमांश आहे."

"यादी चुकीची आहे."

"असेल. पण यादी आहे."

"मॅडम, निरीक्षण म्हणजे काय? दुसऱ्याने सांगितलेलं आपल्या डोळ्यांत भरून घेणं? मग डोळे कशाला हवेत? उद्या हीच पोरं—"

"बाई, हे भाषण मी ऐकलंय. सातवीत."

टेबलाच्या खणाची किल्ली बोटात फिरवत होती. चेहऱ्यावर रागही नाही. मला असले शांत चेहरे सहन होत नाहीत. भांडायला काही हाताशीच लागत नाही!

तिचं म्हणणं सरळ होतं. सोमवारी, अठरा तारखेपर्यंत नव्या वह्या. एक ओळ बदलायची. नाहीतर सातवीचं विज्ञान क्रीडाशिक्षकांकडे आणि मला वाचनालय.

"दे!" मी म्हटलं. 'मॅडम' विसरलेच. "दे मला वाचनालय. तिथेही हेच सांगेन."

"मला माहीत आहे, बाई."

दार आपटून आले. आपटायला नको होतं. आपटलं.

घरी घड्याळजींना सगळं सांगितलं. नवरा घड्याळं दुरुस्त करतो. डोळ्याला भिंग लावून ऐकत होता, म्हणजे ऐकतोय की नाही कळायला मार्ग नाही. मग भिंगाआडूनच म्हणाला, "एक आजोबा येतात दुकानात. त्यांचं घड्याळ सात मिनिटं पुढे. मी म्हटलं, लावून देतो. तर म्हणतात, हात लावू नका, घरात सगळ्यांना सवय झालीय."

"मग तू काय केलंस?"

"सेल बदलून दिला."

"लाज वाटत नाही?"

"वाटते की. पण ते घड्याळ त्यांचं होतं."

याच्याशी लग्न करून तीस वर्षं झाली. अजून हा माझ्या बाजूचा की विरुद्ध, ठरवता आलेलं नाही.

सोमवार, ११ नोव्हेंबर

बातमी शिक्षकखोलीत पोचली. क्रीडाशिक्षक — आम्ही त्यांना शिट्टी सर म्हणतो, गळ्यातली शिट्टी त्यांनी स्वतःच्या लग्नातही काढली नसावी — समोर येऊन बसले. "मॅडम, मला वाचवा! विज्ञान मी दहावीत सोडलं तेव्हा घरी पेढे वाटले होते हो. एक मेणबत्ती ती काय, आणि केवढा जाळ करून ठेवलात!"

सगळे हसले. मीही हसले. मग भाषाशिक्षिका चष्मा पुसत म्हणाल्या, "एका ओळीसाठी एवढं?"

हो! एका ओळीसाठी. आपण जी काही माणसं होतो ती एकेका ओळीनेच होतो. आज पाणी पाचव्या भागापर्यंत चढलं लिही, उद्या रस्ता झाला लिही, परवा औषध मिळालं लिही. सही कर. सातवीत हात बसला की पुढे जड जात नाही.

हे तिथे बोलले. चांगलं बोलले. भाषाशिक्षिकेने चष्मा घातला आणि वह्या तपासायला घेतल्या.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

बेचाळीस कोऱ्या वह्या आल्या. गठ्ठा मामांनी आणून ठेवला. "कपाटात टाकू?" मी म्हटलं, "राहू द्या टेबलावर. दिसू दे."

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

मोजपट्टीचे वडील आले होते. बस चालवतात. मधल्या सुट्टीत, गणवेशातच. खुर्ची दिली तर बसले नाहीत.

"बाई, पोरगी घरी सांगते तुमचं. तुमचंच खरं असेल. पण गुण तिचे जाणार."

मी सुरू झाले. सत्य, धैर्य, पुढची पिढी. ते मान खाली घालून ऐकत राहिले, जसं समोरची गर्दी हलेपर्यंत थांबतात. माझं संपल्यावर म्हणाले, "वळणावर पाटी असते. रस्ता सरळ दिसला तरी मला ब्रेक लावावा लागतो."

"आणि पाटीच चुकीच्या जागी लावली असेल तर?"

"तर डेपोत तक्रार लिहितो. चार वेळा लिहिलीय. पण ब्रेक लावतो, बाई. मागे पन्नास माणसं बसलेली असतात."

दोन आठवड्यांत दुसऱ्यांदा! बापलेकीने मिळून माझी पार दांडी उडवली आहे.

ते गेल्यावर डबा उघडला, तसाच बंद केला. मी वाचनालयात गेले तर माझं काय जातं? चार कपाटं पुस्तकं मिळतात. हे लढतंय कोण आणि गुण कोणाचे कापले जाणार? व्यासपीठावर उभी असते तेव्हा हा प्रश्न मला कोणी विचारत नाही. तिथे खाली बसलेल्यांच्या वह्या माझ्याकडे नसतात.

शनिवार, १६ नोव्हेंबर

ठरलं. सकाळी वर्गात गठ्ठा टेबलावर ठेवला आणि भाषण केलं नाही. फक्त सांगितलं — "समितीच्या यादीत एक पंचमांश आहे. तुम्ही पाहिलंत ते वेगळं आहे. वीस गुण तुमचे आहेत, म्हणून निवड तुमची. ज्याला नवी वही हवी त्याने घ्यावी. घरी विचारा. मी कोणावर रागावणार नाही."

"खरंच नाही ना रागावणार बाई?"

"नाही."

"तोंड तर रागावल्यासारखं आहे."

"ते जन्मापासून तसंच आहे."

सोमवार, १८ नोव्हेंबर

अकरा जणांनी नव्या वह्या घेतल्या.

अकरावी मोजपट्टी. सगळे गेल्यावर आली. नवी वही उचलली, दप्तरात नीट ठेवली. मग जुनी वही काढून माझ्यापुढे धरली.

"बाबा म्हणाले नवी घे. ही तुमच्याकडे ठेवाल? घरी रद्दीत जाईल."

"ठेवते."

"ही खरी आहे," ती म्हणाली, जणू मला ठाऊक नव्हतं.

ती रडली नाही. ती दाराबाहेर गेल्यावर मी रडले — हे इथेच लिहिते, आणखी कोणाला सांगणार नाही. मामा टेबल पुसत होते. पुसलेलंच टेबल पुन्हा पुसत राहिले.

पण एकतीस! एकतीस पोरं उभी आहेत. बेचाळीसांतली एकतीस! कुठल्या सभेत मला हे प्रमाण मिळालंय?

मंगळवार, १९ नोव्हेंबर

मुख्याध्यापिका व्हरांड्यात भेटली. "किती जणांनी बदलल्या?"

"अकरा."

मला वाटलं आनंद होईल. ती नुसती म्हणाली, "पहिल्या बाकावरचे असतील."

होते. बहुतेक सगळे पहिल्या दोन बाकांवरचे. हिला कसं कळलं?

बुधवार, २० नोव्हेंबर

समिती आली. तीन माणसं, एक यादी. अध्यक्षांना सर्दी झालेली. रुमाल नाकाला, बोट यादीवर, दुसऱ्या हाताने वह्यांची पानं फटाफट. दहाव्या वहीशी थांबले.

"तिसरा भाग? नववा भाग? हे काय चाललंय?"

"निरीक्षण चाललंय," मी म्हटलं.

मुख्याध्यापिका माझ्या शेजारीच उभी होती. तिने मला अडवलं नाही.

मामांनी कोणी सांगायच्या आत थाळी आणून ठेवली. माणूस आहे की काय! एक, दोन, तीन, चार मेणबत्त्या — पुन्हा तेच. या वेळी एक शब्द बोलले नाही. बुडबुड्यांकडे फक्त बोट दाखवलं. समितीतला तरुण सदस्य गुडघ्यांवर बसून बघत राहिला आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "अरेच्चा!" अध्यक्षांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो उठून पँट झटकू लागला.

"मॅडम, मजा आली. पण आमच्या यादीत एक पंचमांश आहे."

"यादीला डोळे आहेत का?"

"यादीला सही आहे." शिंकले. "मला आज अजून तीन शाळा करायच्यात. अकरा वह्या बरोबर. एकतीस चूक." आणि मग मुख्याध्यापिकेकडे वळून — "शाळेचा शेरा लागतो. शाळेला हे मान्य आहे की शिक्षिकेची वैयक्तिक चूक आहे, लेखी द्या. चूक म्हणालात तर मुलांना पुन्हा लिहायची संधी देऊ. मान्य म्हणालात तर मामला वर जाईल. शून्यसुद्धा मिळू शकतं, आणि जबाब तुम्हाला द्यावा लागेल."

केवढी सोय! माझी चूक म्हटलं की सगळे सुटले. मुलं सुटली, शाळा सुटली, यादी सुटली.

ती म्हणाली, "उद्या देते."

माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बरोबर आहे. मी तिच्या जागी असते तर — नाही. मी तिच्या जागी असते तर उद्यावर ढकललं नसतं! घरी येऊन वाचनालयाच्या कपाटांची यादी करायला घेतली. हरले तरी खोडणार नाही. एकही वही खोडणार नाही.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

शेरा तिने मला वाचायला दिला. एकच ओळ. "वह्यांतील निरीक्षणे शाळेस मान्य आहेत." खाली तिची सही.

मी काही बोलायच्या आत तिने खण उघडला आणि एक जुनी प्रयोगवही पुढे सरकवली. शाळेचं जुनं वेष्टन, सातवी, तिचं नाव. निरीक्षणाच्या जागी बारीक अक्षर — "दोन मेणबत्त्या लावल्यास पाणी जास्त चढते. असे का?" त्यावर लाल शाईची आडवी रेघ. समासात माझं अक्षर. "निरीक्षण चुकीचे. पुस्तक पाहा. पुन्हा लिहून आण." खाली माझी सही.

"आणलं होतं, बाई, पुन्हा लिहून," ती म्हणाली. "तुम्ही 'छान' दिलंत. ही मी लपवून ठेवली."

पाच तारखेला इथे लिहिलंय — अठ्ठावीस वर्षांत एकाही पोराने हे विचारलं नाही. ते खोडत नाही. शाईने लिहिलंय, तसंच राहू दे.

२१ नोव्हेंबर — एकीने विचारलं होतं.